तिसऱ्याचा अकरावा कसा झाला

"माहा नंबर तिसरा होता. तो अकरावा कोणी केला ते सांगा, नाई त आज या ऑफिसले कुलूप मी लावीन."

हे ओरडणं आमच्या गावच्या शेतकरी गटाच्या खोलीत चाललं होतं. पण तिकडे मेडशीच्या स्टँडवर उभी असलेली एसटी ते ऐकून दोन फूट मागं सरकली, असं खुद्द कंडक्टरनं मला सांगितलं. ओरडणारी काकू आमच्या शेजारची. गावात शिरताना डाव्या हाताला तिचं अडीच एकर वावर, आणि ते ती एकटी करते. त्या वर्षी तिचं सोयाबीन वाळून खडखडीत झालं होतं. उन्हाचा चटका बसला की शेंगा तडकायच्या आणि दाणे मातीत जायचे. त्यात मालेगावच्या अंगानं आभाळ काळं होत आलेलं. मशीन आज आलं तर पीक घरात, चार दिवसांनी आलं तर जमिनीत. मशीन म्हणजे गटाचं हार्वेस्टर. ते एक आणि सभासद सत्तर, म्हणून नंबर लावलेले.

हे नंबर कॉम्प्युटरात घालणारा मी. त्या काळी पंचक्रोशीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत माझा पहिला नंबर होता. दुसरा कोणी नव्हता, हा भाग वेगळा. माझ्याआधी गटाचं रजिस्टर होतं. त्यातल्या नंबरांच्या पानावर व्हाइटनरचे इतके थर बसले होते की पान उलटायला दोन माणसं लागत, एक खालून उचलायला आणि एक पलीकडून झेलायला. मी ते बंद केलं. भर सभेत उभा राहून सांगितलं, की यापुढं कोणी काहीही बदललं तर मागच्या बाजूला आपोआप नोंद होईल : आधी काय होतं, आता काय झालं, कोणी केलं, किती वाजता केलं आणि कशासाठी केलं. कारण लिहिल्याशिवाय बदल होणारच नाही. आणि ही नोंद कोणाच्या बापाला पुसता येणार नाही, मलासुद्धा नाही. शेवटचं वाक्य मी जरा छाती काढूनच म्हटलं होतं. शहरात याला ऑडिट लॉग म्हणतात. आमच्या गावानं नारळ फोडून त्याचं नाव चुगलीवही ठेवलं. वर आणखी एक सोय होती. नंबर हलला रे हलला की हार्वेस्टरच्या ड्रायव्हरला मेसेज. ड्रायव्हर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. इकडे माणसाचं बोट बटणावरून उठायच्या आत तिकडे त्याचा खिसा वाजायचा.

"काढ तुही चुगलीवही," काकू म्हणाली.

खोलीत अध्यक्ष होते आणि बाकांवर आठदहा सभासद. मशीन त्याच सकाळी गावात येणार म्हणून सगळे धुतलेले कपडे घालून बसलेले. मी काकूची नोंद उघडली. तीनचे चार, चारचे पाच, असं करत करत अकरा. बदल करणारा : आपोआप.

"काकू, तुमच्या नंबरले कोणी हात नाई लावला," मी म्हटलं. "बाकीचे पुढं सरकले, म्हणून तुमी मांगं गेल्या."

"मंग मी काय रांगेत निजली होती? पुढं कोण गेलं ते सांग."

मी तेही उघडलं. एकूण आठ उड्या होत्या. आठही वेळा बदल करणारा : अध्यक्ष.

अध्यक्षांनी कपबशी खाली ठेवली. "माह्या वावरात संत्रा हाये बे," ते म्हणाले. "संत्र्यात हार्वेस्टर घालू काय?"

मुद्दा बिनतोड होता. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू भिंतीकडे गेल्या. झालं होतं असं, की जो तो येऊन अध्यक्षांना पासवर्ड विचारायचा. सांगून सांगून त्यांचा घसा बसला. शेवटी बोर्ड रंगवायला आलेल्या पेंटरकडून त्यांनी तो भिंतीवरच लिहून घेतला, 'येथे थुंकू नये'च्या खाली, त्याच लाल रंगात. वरची सूचना कोणी पाळली नाही. खालची मात्र सगळ्यांनी मनापासून पाळली.

"म्हणजे कोणी केलं ते काही समजत नाई," कोपऱ्यातला एकजण सुस्कारा टाकून म्हणाला. बाकांवर एकदम मोकळं वारं सुटलं. कोणी पान काढलं, कोणी चुना.

"कारणं वाच," काकू म्हणाली.

मी वाचायला लागलो. "जावई येणार आहेत, वावर मोकळं दिसलं पाहिजे." त्या आठवड्यात गावात जावई एकाच घरी आले होते, त्या घरच्यानं टोपी नीट केली. "कंबर दुखते." कोपऱ्यातल्याचा हात आपोआप कमरेवर गेला. "बायको ऐकत नाही." यावर तिघांचा संशय येत होता, पण पाणी एकटाच प्यायला. "शेजाऱ्यानं केलं म्हणून मी पण." शेजारी शेजारीच बसला होता. असं करत पुढं गेलो आणि शेवटच्या ओळीशी मला जोरात खोकला आला.

"सात झाले," काकू म्हणाली. "आठवं वाच."

"तांत्रिक कारणास्तव."

"हे कोण?"

सत्तर सभासदांच्या घरांत मिळून तांत्रिक हा शब्द लिहू शकणारा एकच होता, आणि त्याच्या बापाचं तीन एकर सोयाबीन उभं होतं. ती ओळ पुसायला मी हात घातला असता तर कोण पुसतो आहे हेही त्या वहीनं लिहून ठेवलं असतं. इतकी चांगली वस्तू मी आयुष्यात दुसरी बनवली नाही.

काकू आता ओरडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "शाळेत जातानी तुह्या चड्डीची नाडी मी बांधून देत होती," ती म्हणाली. "तवा मले समजलं असतं त गाठ गळ्यालेच मारली असती."

अध्यक्षांनी मला आठहीजणांना मागं घ्यायला सांगितलं. कॉम्प्युटर पुन्हा कारण मागायला लागला.

"काय लिवावं?" अध्यक्ष म्हणाले.

"लाज वाटली, असं लिवा," काकू म्हणाली.

ते मी आठ वेळा लिहिलं. त्यात वीज तीनदा गेली आणि ढग पार शाळेच्या टाकीवर येऊन टेकला. शेवटी काकू तिसरी झाली. यादी छापली, अध्यक्षांनी तिच्यावर शिक्का मारला, आणि मशीनला गावात शिरतानाच गाठायला सहा मोटारसायकलींची वरात काकूच्या वावराकडे निघाली. काकू माझ्या मागं बसून आभाळाला आणि मला आळीपाळीनं शिव्या देत होती.

वावरात पोचलो तर अडीच एकर साफ. सोयाबीन ट्रॉलीत, वर ताडपत्री आवळलेली. ड्रायव्हर लिंबाच्या झाडाखाली चटणीभाकर खात बसला होता. काकूनं ताडपत्रीखाली हात घालून मूठभर दाणे काढले आणि नुसती बघत राहिली.

अध्यक्षांनी यादी त्याच्या तोंडापुढं धरली. "तुले मेसेज नाई भेटले काय?"

"भेटले. सकाळपासून लय वाजून राह्यला होता, मंग मोबाईल पाना-पक्कडीच्या पेटीत टाकला," तो म्हणाला. "रस्त्यावरचं पह्यलं वावर हेच होतं."