सोपानरावांची सकाळ

"मॅडम, नाचताय की काय तुम्ही?" मयूरीने लॅबच्या दारातूनच विचारलं.

नाचतच होते. साठीला आलेली प्रोफेसर, हातात ग्राफ घेऊन, फ्रीजभोवती.

मी क्लिनिकल केमिस्ट. म्हणजे रक्तात, लघवीत, थुंकीत काय किती आहे ते मोजायचं. माझी सगळी नोकरी कॉर्टिसॉल नावाच्या हॉर्मोनमागे गेली. शरीरातली सूज आवरायचं काम ते करतं. माणूस उठला की चढतं, झोपायच्या वेळी उतरतं. नाइट शिफ्टने हे गणित बिघडतं का, हा माझ्या विद्यार्थिनीचा, मयूरीचा, पीएचडीचा विषय. महाळुंग्यातल्या एका कंपनीत कायम नाइट करणारे चाळीस जण तयार झाले. नळीत थुंकायचं, लेबलवर 'सकाळ' किंवा 'रात्र' यावर खूण करायची, बस. "थुंकल्यावर शाबासकी पहिल्यांदाच मिळतीय," एक जण म्हणाला होता.

आणि ग्राफ काय सांगत होता? चाळीसही जणांचं कॉर्टिसॉल सकाळी वर, रात्री खाली. अगदी दिवसा काम करणाऱ्यांसारखं! म्हणजे नाइट शिफ्टने शरीराचं घड्याळ हलतच नाही. जगभरची पुस्तकं चूक, आम्ही दोघी बरोबर. मी पिंपरी कॅम्पातून पेढे आणवले.

एचओडी सर पेढा खात म्हणाले, "उद्या हिचं प्री-सबमिशन आहे. त्या चाळीसांतल्या एकाला तरी फोन करून खात्री करा." प्री-सबमिशन म्हणजे थीसिस देण्याआधी सगळ्यांसमोर होणारी झडती.

मी सोपानरावांना फोन लावला. ते लाइन लीडर, सगळ्यांच्या नळ्या त्यांनीच गोळा केल्या होत्या. फोन त्यांच्या बायकोने उचलला.

"आठलाच झोपल्यात ते."

"सकाळचे अकरा वाजले की हो!"

"तुमचे वाजले. त्यांची सकाळ साडेचारला असती."

मी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. त्यांची 'सकाळ' दुपारी साडेचारची, 'रात्र' सकाळी आठची. आम्ही मात्र सरसकट सकाळी सात आणि रात्री दहा धरून बसलो होतो. मयूरी रडायलाच लागली. पुन्हा नळ्या गोळा करायच्या म्हणजे अजून एक वर्ष. लेबलं मीच छापून घेतली होती. स्वतःचा इतका राग आला की हसूच फुटलं.

पावणेपाचला फोन वाजला. "गुड मॉर्निंग मॅडम!"

"सोपानराव, कोण किती वाजता थुंकलं, आठवतंय का हो?"

"आठवायचं कशाला? लिवलंय की. नळ्या पाठवल्या त्या थर्माकोलच्या खोक्याच्या झाकणाला, आतनं. आमच्याकडं टायमाशिवाय एंट्री धरत न्हाईत."

झाकण? लॅब झाडणाऱ्या मावशींनी ते खिडकीच्या फुटक्या काचेला चिकटवलं होतं, लिहिलेली बाजू बाहेर. ते काढायचं सुचलंच नाही. मयूरी बाहेर पळाली आणि टाचा उंचावून ओरडायला लागली. "गायकवाड, चार चाळीस! वाघमारे, पाच पाच!" मी आत लिहून घेत होते. मावशी आम्हा दोघींकडे काळजीने बघत होत्या. चाळिसावं नाव मिळालं तेव्हा मयूरी पुन्हा रडली, पण आता आनंदाने.

नव्या ग्राफवर घड्याळ चांगलंच हललेलं दिसलं, पार दुपारपर्यंत. पुस्तकं बरोबर होती. दुसऱ्या दिवशी मयूरीने आमचा घोटाळा स्वतःहून सगळ्यांना सांगितला. सगळे पोट धरून हसले आणि तिची थीसिस पुढे गेली.

आता आमच्या फॉर्मवर 'सकाळ' हा शब्द नाही, 'किती वाजता' आहे. आणि पेढे मी सोपानरावांची सकाळ झाल्याशिवाय मागवत नाही.