दोन तासांची बॅटरी

"मले बाकीचं काई सांगू नोको अयूबभाई, बिना लाइटीचा हा किती वेळ चालते तेवढं सांग."

वारलू शेंडे आयुष्यात दुकानदारांशी फार बोलला नाही. जे बोलला त्यात एवढं एक वाक्य लक्षात राहण्यासारखं होतं, आणि त्याचं उत्तर त्याला अगदी बरोबर मिळालं.

वारलू कोसमटोल्याचा. आरमोरीहून जीपने अर्धा तास, पुढे पायी. तलावाच्या पोटाला दीड एकर धानाची बांधी, उन्हाळ्यात वणवे विझवायची रोजंदारी. चार वर्षांपूर्वी गावचा गुराखी बुधू वाघाने नेला, तेव्हा वनखात्याने गावातली पाच माणसं निवडून त्यांना काठी, टॉर्च आणि शिट्टी दिली होती. जंगलात गेलेल्यांना वेळेत घरी आणायचं, एवढंच काम. चौघांच्या शिट्ट्या पोराबाळांच्या खेळण्यात गेल्या. वारलूची गळ्यातच राहिली. सूर्य पळसांच्या शेंड्यांवर टेकला की तो तलावाच्या पाळीवर उभा राहून तीनदा शिट्टी वाजवायचा.

"झाली व यष्टीची घंटी," डोक्यावर भारे घेतलेल्या बाया म्हणायच्या. "चला, कंडक्टर बोंबलून राह्यला."

तो हसायचा नाही. एकेक डोकं मोजायचा. त्यांना सांगायचा, वाकलेली बाई वाघाला बाई दिसत नाही, चार पायांचं जनावर दिसते. एकीनं कापावं, एकीनं उभं राहून पाहावं. चार वर्षांत त्याच्या मोजणीतून एकही डोकं कमी झालं नव्हतं. त्याच्यापाशी अभिमान म्हणावा असं तेवढंच होतं, आणि ते त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्याची एकुलती पोर दिव्यानी आरमोरीच्या कॉलेजातून शिकून घरी येऊन बसली होती. नागपूरची एक संस्था खेड्यातल्या मुलींना दवाखान्यांतलं कॉम्प्युटरचं काम शिकवायची, सहा महिने, ऑनलाइन, फुकट. शेवटाला नोकरी. वर्ग रोज दोन ते सहा. मोबाइलवर वर्ग दिसला असता, पण काम लॅपटॉपवरच करून पाठवायचं असे. कॉलेजातल्या मॅडमनी जाता जाता आपला जुना लॅपटॉप तिला दिला होता. जड, कोपरा फुटलेला. पण चालायचा.

अडचण होती ती रेंजची. कोसमटोल्यात रेंज नाही. गावामागच्या टेकडीवर मोहाचं एक झाड आहे, त्याच्याखाली सपाट दगड आहे, आणि त्या दगडावर बसलं की कुठल्यातरी टॉवरचा वारा लागतो. दिव्यानी तिथे बसायची. सोबतीला आई, रंभा. पाऊस आला तर दोघी ताडपत्री ओढून घ्यायच्या. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दोन तास टिके. चार वाजले की पडदा काळा. मायलेकी टेकडी उतरून यायच्या, दिव्यानी चिडलेली, रंभा तिला हसवायला काहीतरी बोलत असलेली. अर्धा वर्ग रोज बुडायचा. मग नागपूरहून फोन आला: पूर्ण वेळ बसत नसशील तर महिन्याअखेर नाव कापू.

म्हणून पोळ्यानंतर आठ दिवसांनी तिघं ब्रह्मपुरीला आली.

अयूबचं दुकान बसस्टँडच्या मागे. मोठ्या शहरांतल्या ऑफिसांनी टाकलेले लॅपटॉप तो गठ्ठ्याने आणायचा, उघडायचा, पुसायचा, जिवंत करायचा. त्याची एक रीत होती. माल दाखवायच्या आधी तो माणसाला प्रश्न विचारायचा.

"गेम खेळतेस का बेटा?"

"नाई."

"व्हिडिओ बनवतेस?"

"नाई. वर्ग असते. आन तक्ते भरा लागते."

"मग हे चमकणारं सोड." त्याने लाल दिव्यांचा एक मोठा लॅपटॉप बाजूला सारला. "हे वरातीतली घोडी आहे. आठची रॅम पाह्यजे, नव्या पद्धतीची डिस्क पाह्यजे, म्हंजे लवकर सुरू होते. त्याच्याहून जास्त पैसा लावणं म्हंजे पाण्यात टाकणं. वापरणार कुठी? घरी टेबल आहे?"

"टेकडीवर," दिव्यानी म्हणाली.

अयूबने चष्म्यावरून पाहिलं. "टेकडीवर?"

"तिथीच रेंज येते."

"मग उन्हात दिसणारा पाह्यजे. आरशासारख्या काचेचा नोको, आपलंच थोबाड दिसत राह्यते." तो शिडीवर चढला आणि वरून तीन लॅपटॉप काढून काउंटरवर मांडले.

रंभाने एकेक हातात घेऊन तोलून पाहिला, बाजारात कोंबडी पाहावी तसा. "हा कोणाचा होता? सोडला काऊन त्यानं?"

"कंपनीचा होता बाई. तीन वर्षं झाली का बदलतेत थे लोक."

"काई ऐब असन म्हणूनच सोडला असन. खरं सांग भाऊ, पोरगी द्याची हाय म्हणून इचारतो असं समज."

"बाई, जावयाची गॅरंटी कोणी देत नाई. मी याची सहा महिने देतो."

दुकानभर हसणं झालं. दिव्यानीही हसली. वारलू मात्र तिन्ही लॅपटॉपांकडे पाहत होता. तेव्हा तो ते वाक्य बोलला.

अयूबने बोट ठेवून दाखवलं. "हा तीन तास. हा पाच. आन हा बारीकवाला, याची बॅटरी मी नवीन टाकली, हा सात तास. कमी चालला तर माझ्या तोंडावर आणून मार."

सात तासांचा महाग होता. वारलूने ठरवून आणलेल्या रकमेपेक्षा जुना लॅपटॉप बदल्यात देऊनही थोडा वरच. दिव्यानी पाच तासांच्याकडे बोट दाखवत होती, चार तासांच्या वर्गाला तो पुरला असता. पण वारलूच्या डोक्यात बसलं होतं की बॅटरी दिवसागणिक म्हातारी होते. आज पाच म्हणजे संक्रांतीपर्यंत तीन. नाव कापलं जाईल. त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून पुढच्या हंगामाच्या बियाण्यासाठी ठेवलेले पैसे काढले. हिशेब चुकीचा नव्हता.

"हाच दे," तो म्हणाला.

जुना लॅपटॉप अयूबने फळीवर ठेवला. "याले कोण घेईन?" तो म्हणाला. "दोन तासांत मरते."

भाद्रपदात सहा वाजता ऊन असतं. वर्ग सुटला की मायलेकी उजेडात खाली यायच्या. वारलूच्या शिट्टीआधी त्या पाळीवर पोचलेल्या असत. वर्गाच्या यादीत दिव्यानीचं नाव वर सरकत गेलं. एकदा नागपूरच्या बाईंनी तिच्या तक्त्याचं कौतुक सगळ्यांसमोर केलं, ते रंभाने ऐकलं आणि गावभर सांगितलं. लॅपटॉप सात तास चालतो हेही तिने तितक्याच वेळा सांगितलं.

मग दिवस लहान होत गेले. आश्विनात थोडे, कार्तिकात भराभर. आयुष्यभर सूर्यावर घड्याळ लावलेला माणूस वारलू, त्याला ते दिसत नव्हतं असं नाही. शिट्टीची वेळ तो दर आठवड्याला अलीकडे आणत होता, साडेपाचपर्यंत आली होती. पण वर्ग मात्र सहालाच सुटायचा. वर्गाला सूर्य नव्हता. आणि बॅटरीलाही नव्हता. पूर्वी चार वाजता पडदा काळा झाला की दोघी मुकाट उठायच्या, तसं आता त्यांना उठवणारं काही उरलं नव्हतं.

शिट्टी टेकडीवर ऐकू जायची. पहिल्या दिवशी रंभाने वरून हात हलवला: सुटते आता वर्ग. दुसऱ्या दिवशीही हलवला. तिसऱ्या दिवसापासून वारलूने सगळी डोकी मोजून झाली की टेकडीवरची दोन मनातल्या मनात मिळवायला सुरुवात केली. दोघी आहेत, एकटी नाही. गावापासून हाकेच्या अंतरावर आहेत. पोरीचं नाव लागलेलं आहे. माणूस स्वतःला जे सांगतो ते सगळं तो सांगत होता, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

धानकापणी चालू होती. त्या दिवशी त्याने शिट्टी वाजवली, बाया आल्या. वर मोहाच्या बुडाशी लॅपटॉपचा निळसर चौकोन दिसत होता, अंधारू लागल्यावर तो जास्तच ठळक दिसायचा. त्याने तो पाहिला. आहेत, म्हणाला, आणि बैलांना पाणी पाजायला गेला.

रंभा झाडूचं गवत कापत होती. बसून बसून कंटाळा येतो म्हणून ती विळा न्यायची, चार जुड्या व्हायच्या. दिव्यानी तिच्याकडे पाठ करून बसली होती, कानांत इअरफोनचे बोळे. एकीनं कापावं, एकीनं पाहावं. पोरगी पाहत होती, पण पडद्यात. सहाला वर्ग सुटला, तिने बोळे काढले, "चाल व माय," म्हणाली. मागे वीस पावलांवर कापलेल्या गवताच्या तीन जुड्या होत्या, चौथी अर्धी होती.

गाव काठ्या, डबे, टॉर्च घेऊन वर गेलं. पुढे वारलू. जे सापडायचं ते ओढ्याच्या काठी सापडलं. परत येताना त्याने मोहाखालचा दगड पाहिला. लॅपटॉप तसाच उघडा पडला होता, उजेड सांडत. त्याला वाचता येत होतं तेवढं त्याने वाचलं. कोपऱ्यात आकडा होता. अठ्ठावीस टक्के.

खात्याची माणसं आली, पंचनामा झाला, कागदांवर अंगठे आणि सह्या झाल्या. तेरवी झाली. लोक म्हणाले, शिट्टीवाल्याच्याच घरी. कोणी कुजबुजत म्हणालं, कोणी समोर. वारलू संध्याकाळी पाळीवर जातच राहिला. बाया आता चेष्टा करत नव्हत्या. त्या शिट्टीच्या आधीच येऊन उभ्या राहत, मोजून घेत आणि जात.

नागपूरहून बाईंचा फोन आला तो शेजाऱ्यांच्या पोराने दिवसाउजेडी टेकडीवर घेतला आणि धावत येऊन निरोप दिला: दिव्यानीचं नाव कापलेलं नाही, पंधरा दिवस थांबतो.  तिसऱ्या दिवशी भाकर थापता थापता दिव्यानी म्हणाली, "मी जाईन, बाबा. पण थ्या लॅपटॉपवर नाई."

"मी येईन सोबत," वारलू म्हणाला.

"याल. आन सहा वाजेस्तोवर बसाल. पडदा चालू राह्यला का आपण उठत नाई, बाबा."

तव्यावरची भाकर करपू लागली होती, ती त्याने उलटली. सकाळी त्याने लॅपटॉप फडक्यात गुंडाळला आणि ब्रह्मपुरीची बस धरली.

अयूबला कळलं होतं. पेपरात नाव आलं होतं. वारलूला दारात पाहून तो उठून उभा राहिला, स्टूल पुसलं, चहा सांगितला. "बसा वारलूभाऊ," म्हणाला. फडक्यातला लॅपटॉप पाहून तो घाईने म्हणाला, "बिघडला का? गॅरंटीत आहे. मी करून देतो, एक पैसा नोको."

"बिघडला नाई. सात तास चालते. तू बोल्ला तसाच चालते." वारलूने तो काउंटरवर ठेवला. "माहा जुना हाय का?"

फळीवर होता. कोणी घेतला नव्हता. अयूबने खाली काढून धूळ पुसली. "हा पाह्यजे? बरं. देतो. थांबा, याच्यात नवीन बॅटरी टाकून देतो, माझ्याकडून."

"नोको. हाये थेच ठेव."

"भाऊ, हा दोन तासही काढणार नाई आता. बेटीचा वर्ग चार तासांचा."

"मालूम हाये मले."

अयूबचा हात स्क्रूड्रायव्हरवर तसाच राहिला. वीस वर्षं त्याने माणसांना त्यांच्या गरजेपुरतं देण्याचा धंदा केला होता. जास्त कसं चालेल, हलकं कसं होईल, हेच लोक विचारत आले होते. लवकर मरणारा कोणी मागितला नव्हता. त्याला विचारायचं होतं, मग वर्गाचं काय, नावाचं काय. समोरचा माणूस स्टुलावर नीट बसला होता, गळ्यात शिट्टी, हात गुडघ्यांवर. अयूबने स्क्रूड्रायव्हर खणात ठेवला.

"किती वेळ चालते थे पाहू दे," वारलू म्हणाला.

अयूबने लॅपटॉप पूर्ण चार्ज केला. मग वायर काढली. दिव्यानी बघायची तसलाच कुठलासा वर्गाचा व्हिडिओ लावला, आवाज बंद केला आणि पडदा वारलूकडे फिरवला. साडेअकरा वाजले होते.

गिऱ्हाइकं आली, गेली. कोणाला चार्जर हवा होता, कोणाला काच. अयूब हळू आवाजात बोलत होता, घरात आजारी माणूस असल्यासारखा. चहा आला, त्यावर साय धरली. पडद्यावर एक बाई फळ्यासमोर हात हलवत होती. वारलू तिच्याकडे पाहत नव्हता. तो कोपऱ्यातला आकडा पाहत होता. अठ्ठावीसवर आला तेव्हा त्याने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं, आणि आकडा बदलला असेल एवढा वेळ गेल्यावर पुन्हा इकडे केली.

मधेच अयूबने दोन लॅपटॉपांच्या किमतीतला फरक काढून पाकिटात घातला आणि पाकीट वारलूच्या पिशवीच्या तळाशी सरकवलं. वारलूने पाहिलं.

"मी सांगू का," अयूब शेवटी म्हणाला, "त्या रोजी मी पाचवालाच द्यायला पाह्यजे होता."

"पाचवालाही सहापर्यंत चालला असता," वारलू म्हणाला.

एक वाजून दहा मिनिटांनी बाईचा हात हवेत असतानाच पडदा काळा झाला. त्यात आता दुकानाचं दार दिसत होतं, बाहेरचं ऊन, आणि त्याच्यापुढे वारलूचा चेहरा. एक तास चाळीस मिनिटं. दोनला बसलं तर पावणेचारच्या आत. पौषातही तेव्हा ऊन असतं.

अयूब वहीकडे हात नेत काहीतरी म्हणत होता, गॅरंटीबद्दल. वारलूने झाकण मिटलं, लॅपटॉप त्याच फडक्यात गुंडाळला, चार टोकांची गाठ मारली, ती दोनदा ओढून पाहिली आणि दुकानाची पायरी उतरून गेला.