देवाजीच्या अर्जातल्या मोकळ्या जागा

देवाजी टेंभुर्णे नागपुरातल्या कचेरीबाहेर कडुलिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसायचा. इंग्रजी अर्ज झरझर टाइप करायचा, पण इन, ऑन, ॲट आले की त्याची गाडी अडायची. मराठीत असले शब्द गुमान दुसऱ्याच्या पाठीला चिकटून येतात. इंग्रजीत तोऱ्यात पुढे उभे राहतात. म्हणून देवाजी तिथे जागा मोकळी सोडायचा. शेजारच्या बाकावर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक मनोहरराव बसत. ते एका चहावर हिरव्या शाईने साऱ्या जागा भरून देत.

चौदा वर्षं हा कारभार चालला. शेवटी पेन्शनच्या खिडकीवरच्या नत्थूजींनी अर्ज वाचणंच सोडलं. मास्तरांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण हिरवी शाई दिसली की ते ठप्पा मारत. नसली तर अर्ज परत.

शहात्तरच्या जानेवारीत मनोहरराव गेले. त्यांच्या पत्नी रंभाबाईंचा पेन्शनचा अर्ज त्या खिडकीवरून दोनदा परत आला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मास्तरांचं हिरव्या शाईचं पेन घेऊन त्या देवाजीकडे आल्या. देवाजीने अर्ज टाइप केला. सात जागा मोकळ्या राहिल्या. त्याने बाकाकडे पाहिलं, मग पेन उघडलं. पहिली जागा मृत्यूच्या तारखेआधीची होती. तिथे त्याने ऑन लिहिलं आणि कुठेही न थांबता बाकीच्या सहाही भरल्या.

"तुम्हाले तर येते सारं!" रंभाबाई म्हणाल्या.

"पाच-सहा वर्षं झाले, मास्तरीणबाई. पण म्याच भरल्या असत्या, तर मास्तर काहून आले असते?"

खिडकीवर नत्थूजींनी शाई पाहिली.

"मास्तरनं पाह्यला ना गा?"

देवाजी उभ्या जन्मात कचेरीत खोटं बोलला नव्हता.

"हो," तो म्हणाला.

"मंग झालं." नत्थूजींनी मास्तरांच्या निधनाच्या तारखेशेजारी ठप्पा मारला.

परत आल्यावर देवाजीने सवयीने दोन चहा सांगितले. दुसरा बाकावर ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला भडभडून आलं. रंभाबाई बाकावर बसल्या आणि त्यांनी तो कप उचलला.

"त्याहीले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "रोज निघताना म्हणत, देवाजीले सारं येते, पण मी नाही गेलो तर त्याले करमाचं नाही."