माझे प्रश्न, तिचा आवाज

"थांब थांब, तू इथं काय म्हणाली होतीस? 'कामून' की 'कशाला'?" नंदितानं विचारलं.

"कामून," मी म्हणाले.

"कामून!" ती हसली. "किती गोड शब्द आहे गं. पण मी 'का' म्हणते हं. प्रेक्षकांना कळायला नको?"

"म्हण."

माझ्या कानांवर हेडफोन होते. रेकॉर्डरच्या बटणावर माझं बोट होतं. कलबुर्गीत मोबाइलच्या दुकानावर दोन खोल्या, त्यातल्या आतल्या खोलीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गाद्या ठोकलेल्या. हा आमच्या फिल्म कंपनीचा स्टुडिओ. नंदिता माइकसमोर बसली होती आणि माझे प्रश्न वाचत होती.

"तुम्हाला शाळेतून का काढलं?" तिनं माइकला विचारलं. अगदी हळुवार. जणू समोर कुणी बसलंय.

समोर कुणी नव्हतं. हा प्रश्न मी विचारला होता. दुबलगुंडीच्या शेवंताबाईला, तिच्या ओसरीवर बसून. शेवंताबाई माझ्याकडे बघून बोलली होती, बोलताना माझा गुडघा धरला होता. तेव्हा नंदिता लांब कडुलिंबाखाली, कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या छोट्या पडद्यापुढं बसली होती. आता शेवंताबाईचं उत्तर तसंच राहणार होतं. माझा आवाज कापून तिथं नंदिताचा आवाज चिकटणार होता. आणि तो आवाज नीट, स्वच्छ, कुठलीही खरखर न येता रेकॉर्ड करायचं काम माझं होतं. कारण कंपनीत आवाजाचं काम मीच करते.

"ओके आहे का?" तिनं विचारलं.

"ओके आहे," मी म्हणाले.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा मुलाखतींच्या फिल्ममध्ये माणूस कॅमेऱ्यात बघून बोलत नाही. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी कुणीतरी बसतं, प्रश्न विचारतं, आणि समोरचं माणूस त्याच्या डोळ्यांत बघून बोलतं. पडद्यावर विचारणारा दिसत नाही. फक्त त्याच्याकडे बघणारा चेहरा दिसतो. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या गावांतल्या बायकांवरची नंदिताची ही फिल्म. तिच्यातली ती शेजारची जागा पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत माझी होती.

नंदिताला ती जागा जमली नाही. हुमनाबादच्या मोठ्या आडत दुकानाची मुलगी. शाळा पुण्याची, होस्टेलची. सुरुवातीला तिनं विचारून बघितलं. तिला बघितलं की बाया पदर सावरून बसायच्या आणि म्हणायच्या, "सगळं बरं हाय, बाई." पुढं गाडी सरकेना. मग अण्णा म्हणाला, "तू विचार गं. तुला तर मराठी, कन्नड, दखनी सगळं येतं." अण्णा म्हणजे आमच्या कंपनीचा मालक. मी विचारायला बसले. बाया बोलायला लागल्या.

नंदिता आणि मी या कंपनीत एकाच महिन्यात आलो. दोघी सहायक. दोघींनी ट्रायपॉड उचलले, बॅटऱ्या चार्ज केल्या, अण्णासाठी डोसा आणला. पहिल्या वर्षी आमच्यात काही फरक नव्हता असं मला वाटायचं. मग तिनं सुट्टी घेतली. का, तर स्क्रिप्ट लिहायचीय. ती घरी बसून सहा महिने लिहीत होती. घरी बसून! मी घरी बसले तर माय विचारते, काम सुटलं का? तिनं छोटी फिल्म केली. ती पडली. अगदी आपटली. अण्णा म्हणाला, "पहिलीच आहे. शिकेल." त्याच महिन्यात माझ्याकडून एका मुलाखतीत पंख्याची घरघर रेकॉर्ड झाली. अण्णा म्हणाला, "तुम्हाला जबाबदारी दिली की असं होतं." तुम्हाला म्हणजे कुणाला? खोलीत तर मी एकटीच उभी होते.

मी तेव्हापासून जळते. लपवत नाही. तिच्या पुण्याच्या मराठीवर जळते. बैठकीत ती खुर्ची मागं झुकवून बसते, त्यावर जळते. ती कुणालाही फोन करून "सर, मी एक फिल्म करतेय" म्हणते आणि समोरचा ऐकून घेतो, त्यावर सगळ्यात जास्त. तिला पडायची मुभा आहे, यावर जळते. मी एकदा पडले की खलास.

मी ठाणाकुशनूरची. अप्पा सायकलच्या हँडलला पिशवी लावून गावोगाव पत्रकं वाटायचे. जयंतीची, मोर्चाची, शिष्यवृत्तीची. उरलेली पत्रकं घरात असायची, मी त्यांवरच अक्षरं शिकले. त्यांत हक्क होता, लढा होता, अपमान होता. हेवा हा शब्द एकाही पत्रकात नव्हता. त्यामुळं पोटात हे जे पेटायचं त्याला काय म्हणायचं, ते मला कुणी शिकवलं नाही. मला वाटायचं, आपलं मन लहान आहे.

रेकॉर्डिंग दुपारपर्यंत चाललं. माझे प्रश्न एकामागून एक तिच्या तोंडून माझ्या कानात येत होते. आधी ती मला बोलण्याची चाल विचारायची. "इथं तू थांबली होतीस ना? किती वेळ?" मी सांगायची. ती तेवढंच थांबायची.

मी सकाळी अण्णाला एकदा विचारलं होतं. "माझा आवाज का नको?"

अण्णा म्हणाला, "तुझा आवाज वाईट नाही गं. पण फेस्टिवलवाल्यांना डायरेक्टरचा प्रवास पाहिजे असतो. ती या बायकांपर्यंत पोचली, हे दिसायला पाहिजे. मधे तू आलीस की लोक विचारतील, ही कोण?"

ही कोण. बरोबर आहे. विचारतीलच.

मग शेवटची मुलाखत आली. ती माझ्या मायची होती.

मायला घ्यायचं मी सुचवलं नव्हतं. शूटिंगच्या वेळी सगळे आमच्या घरी जेवले, नंदितानं मायला बघितलं आणि म्हणाली, "यांचा चेहरा काय बोलतो!" माय आयुष्यभर लोकांच्या रानात तूर काढत आली. नवं लुगडं नेसून ती खाटेवर बसली. मी समोर बसले. शरणूनं, म्हणजे आमच्या कॅमेरावाल्यानं, कॅमेरा लावला. मी इकडचं तिकडचं विचारत होते. माय हसत होती, लाजत होती. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "माय, तुला कधी कुणाचा हेवा वाटला का गं?"

शेळी ओरडली तरी मायनं तिकडं बघितलं नाही. माझ्याकडेच बघत राहिली.

"तुजाच," ती म्हणाली. "तू अशी समोर बसून इचारायलीस. मी सांगायले. मला आजपोतर कुनी असं बसवून इचारलं न्हाई, की बाई, तुला काय वाटतंय. मला बी इचारायचं व्हतं लोकास्नी लई काय काय. ऱ्हाऊन गेलं."

शरणूनं कॅमेरा बंद केला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मी हेडफोन काढले नाहीत. काढले असते तर रडले असते. मायनं पोटातलं सगळं माझ्यापुढं ठेवलं होतं. माझ्या आईला माझा हेवा वाटत होता, आणि त्याच्याइतकं कुणी मला कधीच काही दिलं नव्हतं.

आता अंड्यांच्या ट्रेमधे बसलेली नंदिता पाणी प्यायली, तिनं घसा साफ केला आणि ती माइकला म्हणाली,

"तुम्हाला कधी कुणाचा हेवा वाटला?"

माझ्या कानात तिचा आवाज. समोरच्या स्क्रीनवर माझी माय. माय बघतेय. आणि माय म्हणते, "तुजाच."

तेव्हा मला दिसलं. इतके दिवस दिसलं नव्हतं. आवाज बदलला की माय कुणाला बोलतेय ते बदलतं. आता ठाणाकुशनूरची एक बाई, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेली, हुमनाबादच्या आडत्याच्या पोरीच्या डोळ्यांत बघून सांगत होती की मला तुझा हेवा वाटतो.

"बाप रे," नंदिता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. "अंगावर काटा आला बघ. ती मला म्हणतेय असं वाटतं. फिल्मचा शेवट हाच."

मी रेकॉर्डर बंद केला.

"कामून थांबलीस?" अण्णा दारातून म्हणाला.

"माझी माय तिचा हेवा करत न्हाई," मी म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. शरणू म्हणाला, "चाय मंगाऊं क्या, अण्णा?"

"अगं, हेवा म्हणजे वाईट अर्थानं नाही," नंदिता म्हणाली. "किती सुंदर आहे ते. दोन बायका, दोन जगं—"

"ती तुला बोललेली न्हाई. मला बोललीय. हा प्रश्न माझ्या आवाजात राहील, न्हाईतर माय फिल्ममधून बाहेर."

अण्णा आत आला. माझ्या हातातलं यंत्र त्यानं काढून घेतलं. "बटण तर दाबायचंय. मी दाबतो. तुझ्या मायनं कॅमेऱ्यापुढं परवानगी दिलीय. आता ती बाई फिल्मची आहे."

ती बाई. फिल्मची.

मी फोन काढला आणि मायला लावला. स्पीकरवर. सगळ्यांसमोर. माय रानात होती, वारा ऐकू येत होता.

"माय, त्या दिवशी हेव्याचं बोललीस ते कुणाला बोललीस?"

"कुनाला म्हंजे? तुला की गं. खुळी झालीस का? जेवलीस का न्हाई?"

"ती नंदिता अक्का तिथं तिचा आवाज लावायलीय. म्हंजे तू तिला बोललीस असं दिसल."

मग माय म्हणाली, "तिला मी कामून सांगू माझ्या पोटातलं? तिनं इचारलं असतं तर म्या म्हनले असते, कुनाचाच न्हाई, बाई, सगळं बरं हाय. काढा म्हनाव मला त्यातनं. आज काढा." आणि जरा थांबून, "तिला वाईट बोलू नकोस. घरी जेवलेली पोरगी हाय."

नंदिता माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदा ती मला माझ्याबद्दल काही विचारेल असं वाटलं. तिनं विचारलं नाही.

मायला काढलं. फिल्म तिच्याशिवाय पुरी झाली. शेवंताबाई आणि बाकीच्या बाया राहिल्या, माझे प्रश्न नंदिताच्या आवाजात राहिले. फिल्म चालली. मोठ्या शहरांत दाखवली, टाळ्या पडल्या. नंदिताला परदेशातल्या कार्यशाळेचं बोलावणं आलं. आता ती मोठी दिग्दर्शक. मला बरेच दिवस कुणी कामाला बोलावलं नाही. "पोरगी हुशार आहे, पण जड जाते," असं अण्णा इतर कंपन्यांत सांगत होता, हे मला शरणूकडून कळलं.

नंदिताचा स्टेजवरचा फोटो मी मोबाइलवर बघितला. दोन बोटांनी मोठा केला. नंदिता हातात माइक घेऊन हसत होती. तिच्या मागं पडद्यावर शेवंताबाई होती. शेवंताबाई नंदिताकडे बघत नव्हती, त्या हॉलमधल्या कुणाकडेही नव्हती. ती बाजूला बघत होती, जिथं मी बसले होते. त्या रिकाम्या जागेवर मी बोट ठेवलं. आणि पुन्हा जळले. पायापासून डोक्यापर्यंत.

बुद्धविहारात एका ताईंनी मला समजावलं, मनातून काढून टाक. मी ऐकून घेतलं. पण मी विचार केला. माझ्या घामाची वस्तू दुसऱ्याच्या हातात बघून मी जळले तर तो हेवा, माझ्या मनाचा रोग. आणि ज्याच्या हातात ती वस्तू आहे तो शांत बसला तर ते त्याचे संस्कार. हे कुणी ठरवलं? ज्याला सगळं मिळालंय त्याला जळायचं कारणच काय? मी का लाजू? मला हा जाळ विझवायचा नाही. याच्याच उजेडात मला माझी जागा दिसली.

गेल्या महिन्यात अण्णाचा फोन आला. आवाज गोड. "झालं गेलं विसर. तुला डायरेक्टर करतो. तुमच्या लोकांवर एक फिल्म आहे. दुःख, अन्याय, तुला माहीतच आहे सगळं. तुझ्याइतकं चांगलं कोण करणार?"

"नंदिता आता काय करतेय?" मी विचारलं.

"ती? ती एक प्रेमकथा करतेय. समुद्रावर."

म्हणजे तिला समुद्र. मला माझ्या जखमा. दिग्दर्शक झाले तरी माझी हद्द त्यानं आधीच आखून ठेवली होती.

"अण्णा, मी फिल्म करते," मी म्हणाले. "पण आमच्यावर न्हाई. हुमनाबादच्या आडत घरांवर. नंदिताच्या घरापासून सुरू."

तो हसला. "त्यात काय स्टोरी हाय गं? खाऊन पिऊन सुखी माणसं ती."

"तेच विचारायचंय. कसे काय सुखी."

हसणं थांबलं. "तुला कोण आत घेईल तिथं?"

"तेही कॅमेऱ्यात येईल."

त्यानं फोन ठेवला. ठेवू दे. मी ही फिल्म करणार आहे, त्याच्या कंपनीशिवाय. शरणू कॅमेरा घेऊन येतो म्हणालाय. दार उघडलं तर आत बसून, नाही उघडलं तर बंद दार दाखवून. समोर त्या घरातली माणसं असतील, एकेक करून. त्यांना माझ्याकडे बघून बोलावं लागेल. माझा एकही प्रश्न कापला जाणार नाही, आणि तो माझ्याच बोलीत असेल. पहिला प्रश्न ठरलाय. तो मी इथं लिहीत नाही. त्यांनी तो माझ्यासमोर बसून ऐकावा.