सोललेला वाल परत सालात

आमच्या लेकीनं बोलायला लागल्यावर सगळ्यात आधी कुठलं अक्षर पक्कं केलं असेल, तर ते 'च'. मीच. आत्ताच. हाच फ्रॉक. साडेतीन वर्षांची पोर, पण 'च' लागला की विषय संपला. त्या आठवड्यात या 'च'नं माझी विकेट काढली होती. ती स्वतः सँडलचा पट्टा लावत बसली होती, मला घाई होती, मी तो लावून टाकला. तेव्हापासून आंघोळ असो, वेणी असो की रात्रीची गोष्ट, एकच उत्तर, "बाबा नको. आईच."

मी न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या कामात आहे. दिवसभर ट्रेलरवाल्यांशी हुज्जत घालतो. चाळीस फुटी कंटेनर हलवणाऱ्या माणसाला एवढीशी पोरगी हलवता येईना, याची बायकोला फार मजा वाटत होती. मला नव्हती वाटत. लेक माझ्याकडे पाठ करून झोपायची आणि मला खरंच वाईट वाटायचं.

रविवारी बायकोला हॉस्पिटलात सकाळची ड्युटी होती आणि दुपारी माझी आई गव्हाणहून जेवायला यायची होती. बायको निघताना म्हणाली, "वालांना मोड आलेत. कोमट पाण्यात घातलेत. तेवढे सोलून ठेवा दोघं. आल्यावर बिरडं मी फोडणीला टाकते." 'दोघं' हा शब्द तिनं मुद्दाम वापरला होता. आईच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि आमच्याकडे बिरडं, असा तो बेत.

मी जमिनीवर पातेलं घेऊन बसलो. लेक समोर येऊन बसली, माझ्याकडे न बघता. कडव्या वालाला चिमटीत दाबलं की दाणा सुळकन बाहेर येतो. तिच्या चिमटीतून तो बाहेर आला की थेट सोफ्याखाली जायचा. मग ती सोफ्याखाली. तो सापडला की धुणार, त्याचं 'शेपूट', म्हणजे मोड, शाबूत आहे का बघणार आणि मगच वाटीत ठेवणार. या गतीनं बिरडं दिवाळीला झालं असतं. मी माझ्यापुरते वाल सोलत राहिलो.

पण हाताची सवय कुठे जाते? ती एका वालाकडे बोट नेत होती आणि तोच मी उचलून सोलून टाकला. तिचा ओठ बाहेर आला. "तो मीच सोलणार होते. परत घाल."

"काय परत घाल?"

"सालात."

"अगं, सोललेला वाल परत सालात जात नाही."

"घाल."

मी दुसरा वाल पुढे केला. नको. जरा मोठा दिला. नकोच. घड्याळ पुढे चाललेलं, पातेलं भरलेलं, आणि मी ओरडायच्या बेतात. पण ती नेहमीसारखी रडली नाही. सालांच्या ढिगातून तिनं ते रिकामं साल शोधून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. आठवड्यात पहिल्यांदा तिनं मला काहीतरी करायला दिलं होतं.

मग मी चष्मा लावला. सालाचं तोंड नखानं उघडलं, शेपूट आधी आत सारलं, वर दाणा दाबला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा, देवाशप्पथ, गेला. जरा तोकड्या सदऱ्यातल्या ढेरपोट्या माणसासारखा दिसत होता, पण आत होता. तिनं तो घेतला, दाबला, आणि दाणा उडून माझ्या कपाळावर आपटला. ती इतकी हसली की मागे कलंडली. मीही हसलो. नंतर कितीतरी वाल आम्ही सोलले, परत घातले, पुन्हा सोलले. कामाचा पार बोजवारा उडाला आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

आई आली तेव्हा वाटीत मूठभर दाणे होते. तिनं भाकऱ्यांचं फडकं ओट्यावर ठेवलं आणि पातेल्यात डोकावली. "आजून सोलून झालं नाय?"

"आम्ही परत घालतोय," लेक म्हणाली.

आईनं माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि खाली बसली. "बरं हाय. मंग मना बी शिकव." शिकता शिकता तिनं निम्मं पातेलं संपवलं, हे आमच्या गुरूच्या लक्षातही आलं नाही.

बायको आल्यावर बिरडं शिजलं, जेवायला मात्र चांगलाच उशीर झाला. मी भाकरी मोडणार एवढ्यात लेक माझ्या बाजूला येऊन बसली. फ्रॉकच्या खिशातून तिनं एक वाल काढला. न सोललेला, खिशात राहून कोमट झालेला. तो माझ्या ताटाच्या कडेला ठेवून म्हणाली, "हा तुझ्यासाठी ठेवला. तूच सोल."

मी सोलला. हळू, शेपूट न मोडता. तिनं वाकून तपासलं आणि मान डोलावली. मग मी तो तसाच कच्चा तोंडात टाकला. कडू होता. चावून खाल्ला आणि विचारलं, "अजून एक आहे का गं?"