दादाच्या होडीचं ठिगळ

"होडी भंगारात घालतोय. यायचं तर ये," दादाचा फोन आला आणि मी पुण्याहून निघालेच. साजगावचं घर बंद करून तो लेकीकडे, म्हैसूरला चाललाय. दादा साजगावच्याच एका कारखान्यात फायबरच्या टाक्या बनवायचा, तेव्हा आम्ही दोघांनी अंगणात ही फायबरची होडी केली होती. पळसदरीच्या धरणात कितीतरी रविवार ती वल्हवत काढले. एकदा खडकावर आपटून तडा गेला, दादानं ठिगळ लावलं, पण पुढे माझं लग्न झालं आणि ती पालथी पडली ती पडलीच. आता घर बंद, होडी भंगारात. म्हणजे माझं माहेरच संपलं, असं मनात बसलं.

कर्जतला उतरलात तर स्टेशनावरचा वडा सोडू नका. तिथून खोपोली लोकल, मग साजगावला शेअर रिक्षा. खर्च किरकोळ, फक्त लोकल चुकली की बसा वाट बघत. मी बसले आणि आणखी वडे खाल्ले.

पोचल्या पोचल्या म्हटलं, "एकदा पाण्यात घालू या रे दादा. मग काय करायचं ते कर."

"आधी वरवंटा," दादा म्हणाला.

हे त्याचं जुनंच. दुरुस्त केलेल्या फायबरवर आईचा वरवंटा कंबरेच्या उंचीवरून सोडायचा, टिकलं तरच पाण्यात. आई काय चिडायची! मी जपून, हळूच सोडला.

"खडक असा गोंजारतो काय गं?"

मग सोडला धाडकन. ठिगळाला काही झालं नाही, पण त्याच्या कडेला लांब चीर गेली.

दादा मात्र खूश! "मीच गाढव. तवा लई थर चढवले. ठिगळ दगडावानी झालं, धक्का घेतच नाय, सगळा कडेला लोटतंय." दादाची माया अशीच. माझा शाळेचा डबाही तो दोघींना पुरेल एवढा भरायचा.

तोंडाला फडकं बांधून त्यानं जुनं ठिगळ काढलं, कडा उतरत्या घासल्या. मग काचेच्या धाग्यांची मॅट आणि ती चिकटवणारं रेझिन. थर मोजकेच, कडेकडे पातळ होत गेलेले. त्या उग्र वासानं मी पुन्हा फ्रॉकमधली झाले. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? दादाला म्हटलं, वास चढला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वरवंटा. दादानं आतून बॅटरी मारून पाहिलं. नखाएवढा पांढरा डाग, म्हणजे थर तेवढ्यापुरते सुटलेले.

"चालंल. पन खडकापासनं लांब."

टेंपोनं पळसदरी गाठली. तुम्ही जाणार असाल तर गावात विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका आणि लाइफ जॅकेट घालाच. काठावर सुट्टीची माणसं वाढलीत, बाकी सगळं तसंच. बोलण्याच्या नादात आमचं लक्ष उडालं आणि होडी खडकावर आदळली! मी ठिगळाकडे झेपावले. पाण्याचा थेंब नाही. दादा मात्र माझा दंड धरून, "लागलं काय गं? लागलं काय?" एवढी ठोकून बघितलेली होडी, पण त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुण्याला आले ती दंडावर त्याच्या बोटांचे वळ घेऊन. ते विरले, पण हुरहुर जाईना. परवा त्याचा फोन आला.

"होडी म्हैसूरला नेतोय. टेंपो सांगितलाय."

"वेडा आहेस का रे? तिथं तुझ्याबरोबर वल्हवणार कोण?"

"तूच की! लेकीनं तुझी खोली लावून ठेवलीय. कवा येतेस?"