कापूस आमच्याकडे आणावा

ऐकणारं माणूस नसलं की किस्से साठतात. माझ्याजवळ पोतंभर आहेत. वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा, त्या काळात मी खामगावला एका शेठच्या कापसाच्या अडतीवर पत्रं लिहायचो. गावोगावच्या अनोळखी शेतकऱ्यांना एकच सांगायचं, यंदा कापूस आमच्याकडे आणावा. दिवसभर परक्यांची खुशाली विचारायची आणि संध्याकाळी खोलीवर एकट्यानं भाकरी थापायची.

*

शेठचा नियम होता, "आधी तब्येत पूस, मंग कापसाचं लिह. एकदम मागू नको बे."

देऊळघाटच्या एका म्हाताऱ्याला तब्येत विचारली. उत्तर आलं पाठपोट भरून: गुडघे, खोकला, बायकोचे दात, बैलाचा खूर. कापसाचं अक्षर नाही.

शेठ चिडले, "हे अडत हाय का दवाखाना?"

*

एकदा रंगात येऊन मी लिहिलं, "दुकान आपलेच समजावे." मेहकरकडचे एक पाटील गाडी जुंपून बायकापोरांसह मुक्कामालाच आले. शेठाणीबाई रांधून थकल्या. शेवटी शेठनं कापसाचं काढलं.

"कापूस तं कवाच इकला जी," पाटील म्हणाले. "तुमी बलावलं म्हनून आलो."

मला मात्र ते दिवस बरे गेले. पंगतीला पाटील मलाही हाक मारायचे.

*

मग उंदरांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा कुरतडला. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कोणी गेल्याची खबर, हे पोरासोरांनाही ठाऊक.

"शेठ, लोक रडतील."

"वाचल्यावर समजते न. फेकू नको, लिह."

धामणगाव बढ्याला एका घरात कार्ड पाहताच बायांनी हंबरडा फोडला. वाचणारं कोणी नव्हतं. मास्तर येईपर्यंत सगळ्यांच्या आंघोळीही उरकल्या. पुढच्या बाजाराला घरधनी दुकानात हजर. "मेलं कोन, ते सांगा आधी."

शेठनं माझ्याकडं बोट दाखवलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "आता एक बी चूक झाली तं गाठोडं बांध."

*

डोणगावच्या नामदेवरावांनी कापूस कधी आणला नाही, पण प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचे. शेवटी विचारायचे, घरची मंडळी कशी आहेत? पत्रावर सही शेठची, म्हणून विचारणं शेठलाच. मी आपला लिहायचो, "इकडील सर्व क्षेम."

त्या साली गावाकडं माझी बायको वारली. तिचे दिवस उरकून कामावर आलो तर शेठ म्हणाले, "पत्रं लई राह्यली." बाकी कोणी काही विचारलं नाही. फार लागलं मला ते. समोर नामदेवरावांचं कार्ड होतं. घरची मंडळी कशी आहेत? मी लिहिलं, "इकडे क्षेम नाही. पत्नी वारली." शेठनं न वाचता सही केली.

काही दिवसांनी नामदेवराव स्वतः आले. शेठचा हात हातात घेऊन बसले. शेठ त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. माझी नोकरी गेल्यातच जमा होती. तेवढ्यात आतून शेठाणीबाई पाणी घेऊन आल्या.

नामदेवरावांनी बाईंकडं पाहिलं, शेठकडं पाहिलं, मग लेखणी धरलेल्या माझ्याकडं. पाण्याला हात न लावता उठले आणि माझ्या चटईवर येऊन बसले.

"कवा गेली, भाऊ?"